पाहुण्या बैलाचा तह

"सून बैलापेक्षा बरी. सुनेच्या बरगड्या कोनी मोजत नाई."

हे मामाजी, म्हणजे माझे सासरे, भासऱ्यांना सांगत होते. भासरे म्हणजे माझे थोरले दीर. दोघं गोठ्याच्या अलीकडे बसले होते आणि कुडाच्या पलीकडे मी शेणाची पाटी भरत होते. ऐकू यायला नको होतं, आलं. मी पाटी उचलली आणि निघून गेले. सून नवी असली की तिला कान नसतात असं घर धरून चालतं. तोंड नसतं, याची तर खात्रीच असते.

गाडेवानांच्या घरात असल्या गोष्टी साचायला वेळ लागत नाही. मालाची बैलगाडी, आमची बंडी, गेली की रिकामी परत आणायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. कापूस घेऊन जायचं आणि येताना मीठ आणायचं, लोखंड आणायचं, नारळ आणायचे. काहीच नाही मिळालं तर निदान एक गोष्ट तरी घेऊन यायचं. मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा कोठ्यात कापूस मावत नव्हता आणि ओसरीवर गोष्टी. दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी उतरवून जायचं. मी दाराआड बसून ते सगळं ऐकायची. बोलायची नाही, त्यामुळे जागा भरपूर होती.

त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी आमच्या तहाच्या.

तह हा शब्द मामाजींचा. माझं सासर अमरावतीचं, माहेर अकोल्याचं, आणि दोन्ही घरं बंड्यांवर माल वाहणारी. लग्नाच्या कितीतरी आधीपासून या दोन घरांत एक करार आहे. अमरावतीचा कापूस अकोल्यापर्यंत आमच्या बंड्यांनी न्यायचा, पुढं अकोलेवाल्यांनी स्वतःचा समजून न्यायचा. त्यांचं मीठ-लोखंड अमरावतीला आलं की ते आम्ही आमचं समजून पोचवायचं. एकाच्या बंड्या दुसऱ्याच्या दारात आल्या की चारापाणी यजमानाचं, मोडलेला आस यजमानानं बसवून द्यायचा, आणि परतीचा माल सगळ्यात आधी पाहुण्यांच्या बंड्यांत भरायचा. मुदत एका वर्षाची. दर दसऱ्याला ती वाढवायची.

हैदराबादवाल्यांनी वऱ्हाड इंग्रज साहेबाच्या हाती दिलं, तेव्हाच्या तहाच्या गप्पा मामाजींनी ऐकलेल्या. ते म्हणतात, "त्या तहात वऱ्हाडाले कोनी इचारलं नाई. आमी निदान बैलाले तं इचारतो."

तेव्हापासून आमच्या घरात अमरावती हे एक राज्य आणि अकोला हे दुसरं. मी दुसऱ्या राज्यातून आलेली. जाऊबाई मला नावानं हाक मारतच नाहीत. "अकोलेवाली" म्हणतात.

* * *

तह झाला कसा, ते दोन्ही घरी सांगतात. गोष्ट तीच, फक्त त्यातला शहाणा माणूस बदलतो.

मामाजींचे वडील कापूस भरून अकोल्याकडे निघालेले, माझे आजोबा मीठ भरून अमरावतीकडे. अवकाळी पाऊस पडून गेलेला. आमची काळी माती ओली झाली की रस्ता म्हणजे दोन खोल चाकोऱ्या उरतात, चाक त्यात बसलं की बसलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे दोन्ही बंड्या समोरासमोर आल्या. हे म्हणाले, तू सर. ते म्हणाले, तू सर. बैल सोडले, चुली मांडल्या. एकाकडे ठेचा होता, दुसऱ्याकडे कांदा. जेवण एकत्र झालं, पण बंडी कोणी मागं घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना एकदमच सुचलं, असं दोन्ही घरं कबूल करतात. त्यांनी आपापला माल उतरवला. कापूस आजोबांनी घेतला, मीठ मामाजींच्या वडिलांनी. रिकाम्या बंड्या हातांनी उचलून जागच्या जागी फिरवल्या, माल भरला आणि दोघं आपापल्या घरी गेले. कापूस अकोल्याला पोचला, मीठ अमरावतीला. आणि परक्याचा माल गिळू नये म्हणून दोघांनी एकेक बैल बदलून घेतला.

मामाजी ही गोष्ट संपवताना दर वेळी सांगतात, "माघार कोनीच घेतली नाई." दोघंही आल्या वाटेनं परत गेले, याला आमच्याकडे माघार म्हणत नाहीत.

* * *

बैल बदलायची ती चाल अजून आहे. आमच्या तहाला कागद नाही, त्याच्या जागी बैल आहे. दसऱ्याला मूर्तिजापूरच्या पडावावर, बंड्यांच्या मुक्कामाच्या जागी, दोन्ही घरची माणसं भेटतात आणि एकेक बैल एकमेकांच्या हाती देतात. तो वर्षभर दुसऱ्या घरी पाहुणा. त्याला मारायचं नाही. त्याच्या घरच्या नावानंच हाक मारायची. आणि घरातल्या कोणाच्याही आधी त्याला खायला घालायचं, मग घरात कोणीही बसलेलं असो.

वर्षानं, पुढच्या दसऱ्याला, ज्याचा बैल तो त्याच्या कुशीवरून हात फिरवतो. बरगड्या हाताला लागल्या तर तह मोडला. नाही लागल्या तर तो आपला बैल परत घेतो, दोन्ही घरं नवे पाहुणे देतात आणि आणखी एक वर्ष मिळतं.

मी सासरी आले तेव्हा गोठ्यात आमच्या अकोल्याचा पाखऱ्या होता. आदल्या दसऱ्याला आलेला. त्याच वेळी सासरचा हौश्या अकोल्याला आमच्याकडे गेलेला. माघात लग्न होईपर्यंत हौश्याची वैरण मीच पाहिली. मग मी इकडे आले आणि पाखऱ्याची पाहू लागले. म्हणजे मी राज्य बदललं, गोठा तोच राहिला.

* * *

पहिला महिना मी कोणाशी बोलले नाही. विचारलं तर मान हलवायची. अंगात माज नव्हता, शब्दच यायचे नाहीत. जाऊबाईंनी विहिरीवर सांगून टाकलं की अकोलेवाल्यांनी फसवलं, पोरगी मुकी दिली. आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मुकी असली तरी भाकर गोल थापते.

एका सकाळी आत्याबाई सरकी काढायला गोठ्याकडे आल्या, तर आतून माझा आवाज. पाखऱ्याला मी वासरू असल्यापासून ओळखते. त्याच्याशी बोललं नाही तर तो खात नाही, ही त्याची खोड आमच्या घरीच लागलेली. मी त्याला जाऊबाईंची चालण्याची तऱ्हा सांगत होते, जरा करूनही दाखवत होते. आत्याबाई किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मला काही म्हणाल्या नाहीत. घरात जाऊन त्यांनी जाहीर केलं, "मुकी नाई व ते. आपल्या राज्यात बोलाचा परवाना नाई तिले, बस."

* * *

आता यांचं. दिवसाढवळ्या वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोनं बोलायची सोय नाही, हे काय सांगायला हवं. मी गोठ्यात असले की हे काहीतरी शोधत तिथे यायचे. कधी दावं, कधी खुंटी, कधी नुसतेच. माझ्याकडे पाहायचे नाहीत. पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवून त्याला सांगायचे, "पाखऱ्या, आज बजारातून फुटाने आनले. तुह्या राज्यातल्या लोकायले आवडते का?"

मी पाखऱ्याला सांगायची की फुटाणे आवडतात, पण खारे.

असं आमचं बोलणं सुरू झालं. पण नुसतं गोठ्यात जाऊन उभं राहता येत नाही, हातात काहीतरी हवं. म्हणून हे येताना ओंजळभर सरकी घेऊन यायचे. मीही जाताना ओंजळभर न्यायची. बोलायचं जसजसं वाढलं तसतशी सरकीही वाढली. आवडीनिवडी झाल्या, लहानपणच्या खोड्या झाल्या, आईची आठवण झाली. आईच्या आठवणीला ढेपेचा एक अख्खा तुकडा गेला.

पावसाळा लागेपर्यंत पाखऱ्याला गोठ्याचं दार अडू लागलं. जाऊबाई एकदा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग आत्याबाईंना म्हणाल्या, "माय, हा बैल गाभन तं नाई?"

* * *

त्या वर्षी कापसाला जो भाव होता तो म्हाताऱ्या माणसांनीही कधी पाहिला नव्हता. मुंबईहून दलाल यायचे. आमच्याकडे येणारा एक जण छत्री घेऊन यायचा, ऊन असो नसो. भासऱ्यांचा त्याच्यावर जीव. सातासमुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथं भाऊ भावाशी लढतोय, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नाही, म्हणून ते तुमचा घेतात, हे सगळं त्यानंच सांगितलं. भासऱ्यांनी त्या भरात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घातल्या. शिंगांची टोकं अशी चमकायची की बैलांनाच लाज वाटावी.

एकदा हा दलाल जेवायला होता. पाट मांडले, ताटं मांडली, वाढायला कोणी येईना. दलालानं आधी ताट सरळ केलं, मग तांब्या सरळ केला. शेवटी विचारलं, "आणखी कोणी मोठे पाहुणे यायचेत का?"

मामाजी म्हणाले, "आले हायेत. गोठ्यात जेवून राहिले."

दलाल खूप हसला. असला तह मुंबईत एक दिवस टिकायचा नाही म्हणाला. भासऱ्यांनी मान खाली घातली. मला वाटलं लाज दलालाची वाटली असेल. पण त्यांना आमची वाटली होती.

* * *

कारण पुढच्याच पंधरवड्यात दलालानं सगळ्या बंड्या मागितल्या. अकोल्याला माल उतरवायचा नाही, कोणाच्या हाती द्यायचा नाही, थेट खामगाव. भाडं तहापेक्षा कितीतरी जास्त. मामाजी बाहेरगावी होते. भासऱ्यांनी होकार दिला. कोठ्यातला सगळा कापूस अकोल्याला वळसा घालून निघून गेला.

दोन दिवसांनी माझा दादा मीठ घेऊन आला.

त्याच्या बंड्या दारात लागल्या. मीठ उतरलं. बैलांना चारा मिळाला, दादाला जेवण मिळालं. मी दाराआडून वाढलं. त्यानं विचारलं, बरी हायेस ना, आणि मी मान हलवली. मग तो हात धुऊन कोठ्याकडे गेला, आत डोकावला आणि परत आला. परतीचा माल नव्हता. तह झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. भासरे खांबाला टेकून उभे होते. दादानं बंड्या जुंपल्या, अंगणावरून एकवार नजर फिरवली आणि विहिरीकडे गेला. तिथला धुण्याचा दगड दोघा गाडेवानांना धरायला लावून उचलला आणि पहिल्या बंडीत ठेवला.

जाऊबाई बाहेर धावल्या. दगड काहून नेता म्हणून विचारलं.

"ताई, आमी रिकामी बंडी नेत नाई," दादा म्हणाला आणि गेला.

तो पावसाळाभर आम्ही धुणं एका नारळाएवढ्या दगडावर धुतलं. जाऊबाई एकेक लुगडं आपटताना म्हणायच्या, तुह्या राज्यानं आमचा दगड नेला. मी म्हणायची काही नाही, पिळायची.

* * *

आत्याबाईंचं आणि त्यांच्या भावाचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. त्यामुळे अमेरिकेची हकीकत कळल्यापासून त्या रोज सांजवातीला हात जोडून म्हणायच्या, देवा, त्या भावाभावायचं भांडन मिटव. एका संध्याकाळी भासऱ्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हे मिटलं तर भाव पडणार, भाव पडला तर दलाल जाणार.

ते म्हणाले, "माय, दसऱ्यालोक थांब ना."

आत्याबाईंनी विचारलं की दुसऱ्याच्या घरातलं भांडण दसऱ्यापर्यंत चालू ठेव म्हणून दिवा लावू का. बराच वाद झाला. शेवटी तोड निघाली की आत्याबाईंनी मागणं मागावं, पण हळू आवाजात.

जेठाच्या उन्हात खामगावहून एक गाडेवान आला आणि ओसरीवर बसता बसता सांगून गेला की लढाई संपली, भाव घसरतोय. सगळं घर एकदम चुलीकडे वळलं. आत्याबाई भाकर थापत होत्या. त्यांनी थापणं थांबवलं नाही.

"मले काय पायता? मी हळूच म्हनलं होतं."

* * *

छत्रीवाला दलाल परत आला नाही. चांदीच्या शेंब्या काढल्या गेल्या. शिंगांच्या टोकांवर थोडे दिवस फिकट खुणा राहिल्या, मग त्याही गेल्या. भुसावळाकडून आगगाडीचे रूळ येतायत, मग बंड्यांना कोण विचारतो, असं जो तो म्हणत होता. पण रूळ यायचे होते आणि पोट आजचं होतं. दलाल नाही म्हटल्यावर कापूस पुन्हा अकोल्याच्याच वाटेनं जायचा, आणि ती वाट आम्हीच खराब करून ठेवलेली.

भादव्यात अकोल्याहून निरोप आला. एका गाडेवानानं तोंडी सांगितला: दसऱ्याला पडावावर येतो, हौश्याला आणतो, पुढचं तिथंच. त्या "पुढचं तिथंच" नं घरातल्या कोणाला नीट जेवण गेलं नाही.

मलाही नाही. कारण माझी पहिली दिवाळी माहेरी व्हायची होती. लेकीला न्यायला पडद्याची छोटी गाडी, दमणी, येते ती एकटी येत नाही, तहाच्या बंड्यांच्या सोबतीनं येते. तह मोडला की बंड्या बंद, बंड्या बंद की दमणी बंद. अकोला काही लांब नाही. पण सुनेसाठी वाट असते ती कोणी न्यायला येईल तेवढीच.

भासरे त्या दिवसांत गोठ्यापाशी बसून असायचे. चूक आपली हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. एका दुपारी मामाजी त्यांच्याजवळ येऊन बसले. कुडाच्या पलीकडे मी होते, ते सुरुवातीला सांगितलंच. भासऱ्यांनी विचारलं, त्यायनं तह मोडला तं? मामाजी म्हणाले, बैल वापस नेतीन, पोरगी थोडीच नेतीन? आपल्याकडे त्यांची लेक आहे तोवर ते मोडत नाहीत. आणि मग ते बैलाचं आणि सुनेचं म्हणाले. भासऱ्यांना धीर यावा म्हणून म्हणाले. भासरे त्या दिवशी पोटभर जेवलेही.

मामाजी वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मी ते वाक्य विसरून गेले असते.

* * *

दसऱ्याच्या आदल्या पहाटे निघालो. पुढं पाखऱ्या, त्याच्यामागं मामाजी आणि भासरे बंडीत, सगळ्यात मागं दमणी. दमणी हे हाकत होते, आत मी आणि माझं दिवाळीचं बोचकं. निघताना आत्याबाईंनी सांगितलं, तह झाला तर तशीच पुढं अकोल्याला जा. नाही झाला तर परत ये, पुरणाला डाळ शिजवून ठेवते. डोळ्यांना पदर लावून त्या आत गेल्या. जाऊबाईंनी सांगितलं, दगडाचं विचार.

पडावावर निंबाची दोन मोठी झाडं आहेत. पलीकडच्या झाडाखाली आबा, म्हणजे माझे वडील, आणि दादा आधीच येऊन बसले होते. आम्ही अलीकडच्या झाडाखाली थांबलो. रामराम झाला, तो जमिनीकडे पाहून. माझ्याकडे आबांनी एकदाच पाहिलं. दमणीचा पडदा होता, काय दिसलं असेल कोण जाणे.

आबा उठले आणि पाखऱ्याजवळ गेले. कुशीवर हात ठेवला. दाबला. हात पुढं नेला, परत दाबला. बरगडी सापडेना. ते दुसऱ्या बाजूनं गेले, तिकडेही तेच. वळून त्यांनी विचारलं, "याले काय चारलं?"

हे खाली उतरून दमणीचं चाक फार बारकाईनं पाहू लागले.

मग मामाजी हौश्याकडे गेले. त्यांना हात लावावा लागला नाही. मला पडद्याआडून दिसत होतं. माझा हौश्या, ज्याला मी माघापर्यंत घास घास भरवला, त्याच्या कुशीत कुडाच्या काड्या दिसाव्यात तशा बरगड्या दिसत होत्या. मामाजी बराच वेळ त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिले.

"दिसून राहिल्या," ते म्हणाले.

"दिसते," आबा म्हणाले. "लपवत नाई. चारा देला, सरकी देली, तोंड लावत नाई तो. हिचं लगन झालं तवापासून."

दादा उठला. गाडेवानांच्या मदतीनं त्यानं आमचा धुण्याचा दगड उतरवला आणि दोन झाडांच्या मधोमध आणून ठेवला. हा तुमचा माल, म्हणाला. मग तोही जाऊन बसला.

आता दोघांकडेही तह मोडायला कारण होतं. अमरावतीकडे हौश्याच्या बरगड्या, अकोल्याकडे रिकाम्या बंड्या. मोडायचं मात्र कोणालाच नव्हतं, ते दोन्ही झाडांखाली दिसत होतं. पण वाढवा म्हणून आधी कोणी म्हणायचं? जो म्हणेल त्याची माघार. मामाजींच्या हातात आपट्याची पानं होती, आबांच्याही होती. ऊन चढलं, पानं कोमेजली. नवे पाहुणे बैल दोन्हीकडे तयार उभे. जुन्या गोष्टीतल्या त्या दोन बंड्या चाकोरीत कशा उभ्या राहिल्या असतील ते मला नीट कळलं. फरक एवढाच की या वेळी मध्ये मी होते, आणि मला कोणी जागच्या जागी फिरवून देणार नव्हतं.

दमणीचे बैल सोडलेले नव्हते. पश्चिमेला वळायचं की पूर्वेला, त्यांनाही माहीत नव्हतं.

मी पडदा सारला आणि खाली उतरले. यांनी चाकावरून मान वर केली, पण अडवलं नाही. मी चालत जाऊन दगडापाशी, पाखऱ्या आणि हौश्याच्या मध्ये उभी राहिले. दोघांनी दोन बाजूंनी माझ्या पदरात तोंड घातलं. पाखऱ्याला सवय होती. हौश्यानं पदर चावायला घेतला. मग मी बोलले.

काय बोलले याच्या आता बऱ्याच गोष्टी झाल्या आहेत. जाऊबाई पडावावर नव्हत्या, तरी त्या विहिरीवर सांगतात की मी दगडावर डोकं टेकून देवाची शपथ घातली. दर्यापूरच्या बाजारात एक गाडेवान सांगतो की मी दोन्ही म्हाताऱ्यांची इतका वेळ खरडपट्टी काढली की बैल खाली बसले. अकोल्यात म्हणतात की तह झाल्याशिवाय पाणी पिणार नाही असं मी म्हणाले. यांना कोणी विचारलं तर हे सांगतात, मी तं चाक पाहून राहिलो होतो.

एवढं खरं, की त्यानंतर दोन्ही झाडांखाली कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मामाजींनी पागोटं काढलं, परत घातलं. मग ते एकटे पुढं आले आणि तो दगड उचलू लागले. त्यांना उचलेना, तेव्हा आबा धावले. दोघांनी मिळून तो आमच्या बंडीत ठेवला. अकोल्याचा माल, परतीचा. बंडी रिकामी गेली नाही. आबांनी सुकलेली आपट्याची पानं भासऱ्यांच्या हातात दिली, आणि भासऱ्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. नवे बैल बदलले. दमणी पश्चिमेला वळली.

तहात यंदा एक कलम वाढलं आहे. पुढच्या दसऱ्यापासून दोन्ही घरच्या बायकाही पडावावर येणार, माझी आईसुद्धा. का, ते पुरुषांपैकी कोणी सांगत नाही.

दिवाळी करून मी अमरावतीला परत आले. तेव्हापासून मामाजींना एक नवीन सवय लागली आहे. ताट समोर आलं तरी घास घेत नाहीत. आधी आत विचारतात, अकोलेवाली जेवली का? आत्याबाई हो म्हणाल्या की मगच जेवतात. जाऊबाई म्हणतात, बुढ्यावर कोणी करणी केली. मी भाकर मोडते आणि गप्प बसते. बोलायचं होतं ते मी पडावावर बोलले, दोघांकडे पाहून, आणि एवढंच बोलले:

"आबा, मामाजी, बैलायच्या बरगड्या मोजून झाल्या असतीन, तं आता माह्या मोजा."